पडदे रंगवणारा मेस्त्री

नाटकाच्या रंगमंचावर मागे सोडलेल्या रंगीत कापडाला आपण पडदा म्हणतो आणि सिनेमा ज्या पांढऱ्या कापडावर दिसतो, त्यालाही पडदाच म्हणतो. बाबूराव पेंटर यांचं सगळं आयुष्य या दोन पडद्यांच्या मधल्या जागेत गेलं. पहिला पडदा रंगवता रंगवता हा माणूस दुसऱ्याकडे वळला. दुसऱ्यासाठी लागणारं यंत्र त्याने आपल्या हातांनी घडवलं आणि त्या यंत्रामागे उभी राहतील अशी माणसंही घडवली. मराठी चित्रपटाचा इतिहास सांगताना दादासाहेब फाळके आणि ‘प्रभात’ ही दोन नावं सहज तोंडी येतात. त्यांच्यामधला दुवा म्हणजे कोल्हापूरचा हा मेस्त्री, आणि तो तितक्या सहजपणे आठवत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घर कारागिरांचं. लाकूड, धातू, माती, रंग या वस्तू घरात मीठ-मिरचीइतक्या सवयीच्या. कुठल्या कलाशाळेत न जाता ते चित्रं काढायला शिकले, शिल्पं घडवायला शिकले. त्यांच्याबरोबर सावलीसारखे असायचे ते चुलतबंधू आनंदराव. दोघे मिळून नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवायचे आणि त्यात त्यांनी एवढं नाव कमावलं की ‘मेस्त्री’ मागे पडून ‘पेंटर’ हेच आडनाव होऊन बसलं. तो काळ संगीत नाटकाच्या ऐन बहराचा. केशवराव भोसल्यांची ‘ललितकलादर्श’ कोल्हापूरशी बांधलेली, शाहू महाराजांचा गुणी माणसांना भक्कम आधार, आणि प्रत्येक मंडळीला राजवाडा, अरण्य, रस्ता, देऊळ असे नवेनवे पडदे हवे असायचे.

हे पडद्याचं काम कसं असतं ते थोडं सांगायला हवं, कारण बाबूरावांच्या सिनेमाचं बीज तिथेच आहे. कोरडे रंग सरसाच्या पाण्यात कालवून मोठ्या कापडावर लावायचे. ओला असताना रंग गडद दिसतो, वाळला की फिका पडतो. म्हणजे हातातल्या कुंचल्याखाली जे दिसतंय त्यावर विश्वास ठेवून चालत नाही. वाळल्यावर काय उरेल, ते मनात धरून रंग लावावा लागतो. शिवाय हा पडदा दिवसाच्या उजेडात कोणी बघणार नसतं. तो बघायचा रात्री, किटसनच्या दिव्यांच्या प्रकाशात आणि तोही पन्नास-साठ फुटांवरून. जवळून नुसता फराटा वाटणारा रंग तिथून झाडाचा बुंधा वाटला पाहिजे. डोळ्यांसमोरची वस्तू आणि ती प्रेक्षकाला दिसणारी वस्तू यांच्यातलं अंतर मोजण्याचं हे शिक्षण होतं. बाबूरावांनी ते ऐन पंचविशीच्या आत पुरं केलं.

१९१३ साली फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि दोघा भावांना सिनेमाने झपाटलं. आधी त्यांनी चित्रपट दाखवण्याचा उद्योग करून पाहिला. त्यामुळे प्रोजेक्टर हाताखाली आला, आणि कारागिराच्या घरातल्या मुलाच्या हाताखाली यंत्र आलं की ते उघडलं जाणारच. फाळके १९१२ साली लंडनला गेले होते आणि येताना विल्यमसन कॅमेरा घेऊन आले होते. या भावांनी ठरवलं की आपला कॅमेरा आपण इथेच करायचा.

हे वाचायला सोपं वाटतं, म्हणून कॅमेऱ्याचं पोट जरा उघडून पाहू. पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या फिल्मच्या दोन्ही कडांना भोकांची रांग असते. दर चार भोकांमागे एक चित्र. चित्र उमटण्याच्या क्षणी फिल्म लेन्सच्या मागे अगदी निश्चल उभी पाहिजे. लगेच लेन्ससमोर झडप यायला हवी, त्या अंधारात आकड्याच्या नखांनी भोकांत शिरून फिल्म बरोबर चार भोकं खाली ओढायला हवी, नखं बाहेर निघायला हवीत आणि झडप पुन्हा उघडायला हवी. हे सगळं एका सेकंदात सोळा वेळा. हातानं फिरवायच्या दांड्याचे सेकंदाला दोन वळसे, आणि तेवढ्यात एक फूट फिल्म सरकते. आता चुकीचा हिशेब करा. बारा फुटी पडद्यावर ते एवढंसं चित्र दीडशेपट मोठं होतं. नखाच्या ओढीत मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा फरक पडला, तर पडद्यावर राजवाडा दीड सेंटीमीटर वर-खाली उड्या मारायला लागतो. दातेरी चाकं, कॅम, झडप हे सारं लेथवर कातून, कानशीने घासून, पुन्हा बसवून, पुन्हा काढून या मापात आणायचं होतं. समोर नकाशा नव्हता, हातात पुस्तक नव्हतं, चुकलं तर विचारायला माणूस नव्हता.

हे काम अर्ध्यावर असताना १९१६ साली आनंदराव गेले. दोघांचं स्वप्न एकट्याच्या खांद्यावर आलं. बाबूरावांच्या आयुष्यातला हा प्रसंग मला सगळ्यांत जड वाटतो. बैठकीवर सुटे भाग पसरलेले, आणि ज्याच्याशी बोलत बोलत ते जुळवायचे तोच नाही. पण त्यांच्या हाताखाली तोवर विष्णुपंत दामले नावाचा तरुण तयार झाला होता. यंत्राची त्याला उपजत जाण होती. या गुरु-शिष्यांनी मिळून १९१८ च्या सुमारास कॅमेरा चालता केला. त्याच सुमारास ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभी राहिली. तिला पैशाचं बळ दिलं ते तानीबाई कागलकर या गायिकेने. एका गाणाऱ्या बाईने आपली कमाई न पाहिलेल्या, न कळलेल्या धंद्यात घातली, ही गोष्ट कोल्हापूरच्या सिनेमाच्या इतिहासात पहिल्या पानावर यायला हवी.

‘सैरंध्री’ हा कंपनीचा पहिला चित्रपट. विराटाच्या घरी दासी होऊन राहिलेली द्रौपदी, तिच्यावर डोळा ठेवणारा कीचक आणि त्याचा वध करणारा भीम. या कथेला तेव्हा वेगळीच धार होती. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकात लोकांना कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन दिसला होता आणि १९१० साली सरकारने त्या नाटकावर बंदी घातली होती. बाबूरावांनी तीच कथा पडद्यावर आणली. स्त्रीभूमिकांसाठी गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी मिळाल्या. पुढे त्या कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी ओळखल्या गेल्या. सिनेमात काम करणं इतकं हलकं मानलं जाई की त्यांच्याच समाजाने त्यांना दूर केलं आणि कंपनीचा स्टुडिओ हेच त्यांचं घर झालं.

फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्याच्या ‘आर्यन’ थिएटरात ‘सैरंध्री’ लागला. कीचकवधाचा प्रसंग इतका खरा वठला होता की पाहणारे हादरले. पुढे सेन्सॉरने तो कापायला लावला. लोकमान्य टिळकांनी चित्रपट पाहून बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्यानंतर जेमतेम सहा महिन्यांत टिळक गेले. ज्या माणसाने ‘केसरी’ हे नाव घराघरांत पोहोचवलं, त्याने ते पडदे रंगवणाऱ्या एका तरुणाला वाटून द्यावं, यात त्या तरुणाच्या कामाची खरी किंमत दिसते.

बाबूरावांनी नेमकं काय नवं केलं? माझ्या मते सगळ्यांत मोठी गोष्ट ही की, ज्या रंगीत पडद्यांवर त्यांचं पोट चालत होतं, तेच त्यांनी सिनेमातून हटवले. त्या काळच्या चित्रपटांत नाटकासारखंच मागे रंगवलेलं कापड असायचं. राजवाड्याचे खांब कापडावर आणि राजा कापडापुढे. बाबूरावांच्या डोळ्यांना ती फसवणूक पहिल्यांदा कळली, कारण ती रंगवण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. रंगवलेल्या खांबाची सावली रंगवलेली असते. माणूस चालत पुढे गेला तरी ती हलत नाही आणि त्याच्या अंगावर पडत नाही. त्यांनी खांबाचा खांब उभा केला, कमानीची कमान उभी केली. जिच्या मागून माणूस येऊ शकेल आणि जिच्या सावलीत थांबू शकेल, अशी राहती जागा पडद्यावर आली.

दुसरी गोष्ट काळ्या-पांढऱ्याची. त्या वेळच्या फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे. कपाळावरचं कुंकू पडद्यावर काळं ठिक्कर उमटायचं, लाल शालू अंधारात बुडायचा, निळंभोर आभाळ पांढरं फटक व्हायचं. म्हणजे पुन्हा तोच जुना धडा: समोर दिसतंय त्यावर भरवसा ठेवायचा नाही, वाळल्यावर काय उरेल ते बघायचं. चित्रीकरणाआधी बाबूराव कागदावर पात्रं, पोशाख, त्यांची उभं राहण्याची ढब, हालचाल असं सारं रेखाटून ठेवत. प्रसंग आधी चित्रात घडायचा, मग कॅमेऱ्यासमोर. आज ज्याला ‘स्टोरीबोर्ड’ म्हणून चित्रपटाच्या शाळेत शिकवतात, ते कोल्हापुरात एका चित्रकाराच्या सवयीतून आपोआप सुरू झालं होतं. पटकथा तेच लिहीत. चित्रपटाची माहिती आणि छायाचित्रं असलेल्या पुस्तिका त्यांनी छापल्या, पोस्टर्स स्वतः रंगवली. भिंतीवरच्या चित्राने वाटसरूला थांबवायचं हे या चित्रकाराला कोणी शिकवायला नको होतं.

‘सिंहगड’ १९२३ चा. हरि नारायण आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरून केलेला. इथे कथेनेच अडचण उभी केली. तानाजी गड चढला तो रात्री. तोवर आपलं सारं चित्रीकरण सूर्याच्या भरवशावर चालायचं; वर पांढरं कापड ताणून ऊन मऊ करायचं, चकाकत्या फळ्यांनी ते चेहऱ्यावर वळवायचं आणि आभाळ आलं की हात बांधून बसायचं. रात्रीचा प्रसंग हवा असेल तर तो दिवसा घ्यायचा आणि फिल्मला निळा रंग द्यायचा, अशी रीत होती. पण पन्नास फुटांवरच्या प्रेक्षकासाठी दिव्याचा उजेड तोलण्यात ज्याची उमेदीची वर्षं गेली, त्याला निळा रंगवलेला दिवस रात्र म्हणून कसा चालावा? बाबूरावांनी विजेचे दिवे लावून चित्रीकरण केलं. भारतीय चित्रपटात कृत्रिम प्रकाशाचा विचारपूर्वक वापर इथून सुरू झाला असं मानतात. या चित्रपटात शेलारमामा झाला होता बावीस वर्षांचा एक पोरगा, शांताराम वणकुद्रे.

हा शांताराम १९२० मध्ये मावसभाऊ बाबूराव पेंढारकर यांच्या ओळखीने कंपनीत आला होता. १९२१ च्या ‘सुरेखा हरण’मध्ये त्याला श्रीकृष्णाचं काम मिळालं. पण कंपनीत फक्त नट म्हणून कोणी राहू शकत नसे. रंग कालवणं, सेट ठोकणं, फिल्म धुणं, वाळवणं, जोडणं ही सगळी कामं सगळ्यांना. तालमीत वस्ताद नव्या पोराला आधी माती खणायला लावतो, तशी ही शाळा होती. दामले तिथे यंत्र शिकले. शेख फत्तेलाल, ज्यांना सगळे साहेबमामा म्हणत, ते तिथे कला आणि छायाचित्रण शिकले. केशवराव धायबर कॅमेऱ्यावर तयार झाले. १९२७ चा ‘नेताजी पालकर’ शांतारामने धायबरांच्या साथीने दिग्दर्शित केला तोही याच कंपनीच्या छपराखाली.

आणि मग ‘सावकारी पाश’. १९२५ साल. नारायण हरि आपट्यांची कथा. देवदेवता आणि मावळे सोडून बाबूरावांनी कॅमेरा एका कुणब्याच्या झोपडीकडे वळवला. सावकाराच्या खोट्या कागदांत त्याची जमीन जाते, गाव सुटतो आणि तो शहरात गिरणी कामगार होतो. ती शेतकऱ्याची भूमिका शांतारामांनी केली होती. हा मूकपट आज उपलब्ध नाही. ज्यांनी तो पाहिला त्यांच्यापैकी निर्माते-दिग्दर्शक जे. बी. एच. वाडिया यांनी एक दृश्य आयुष्यभर मनात जपलं: अंधुक उजेडात बुडालेली एक उदास झोपडी आणि तिथे रडणारं कुत्रं. मूकपटातलं कुत्रं! त्याचा आवाज कुठून येणार? तो येतो काळोखातून, झोपडीच्या रिकामेपणातून, वर केलेल्या त्या तोंडातून. बोलपट यायला अजून काही वर्षं होती, आणि इथे एका चित्रकाराने निव्वळ प्रकाशाच्या जोरावर आवाज ऐकवला होता.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. बिमल रॉय यांच्या ‘दो बीघा जमीन’मध्ये जमिनीपायी शहराकडे निघालेला शेतकरी आपण १९५३ मध्ये पाहिला आणि त्याला नव्या वास्तववादाची नांदी म्हटलं. ते खरंच आहे, तो चित्रपट थोरच आहे. पण कोल्हापुरात ती वाट अठ्ठावीस वर्षं आधी तुडवली गेली होती. प्रेक्षक मात्र तयार नव्हते. ‘सावकारी पाश’ चालला नाही. ज्या लोकांची ती कहाणी, त्यांना थिएटरात बसून आपलंच दुःख पाहायचं नव्हतं. देव पाहायचे होते, जिंकलेले गड पाहायचे होते. त्यासाठी त्यांना कोण दोष देणार? पण मला वाटतं, बाबूरावांच्या पुढच्या वाटचालीत जो एक थकवा जाणवतो तो इथून सुरू झाला. ते पुन्हा पौराणिक कथांकडे वळले.

पैसा घालणाऱ्यांना झटपट चित्रपट हवे असत, आणि बाबूरावांचा हात घाईचा नव्हता. मनासारखं उमटेपर्यंत पुढे सरकायचं नाही हा चित्रकाराचा स्वभाव स्टुडिओच्या हिशेबात बसेना. शिष्यांना आता पंख फुटले होते. १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सराफ सीतारामपंत कुलकर्णी यांनी ‘प्रभात फिल्म कंपनी’ स्थापन केली, तीही कोल्हापुरातच, गुरूच्या डोळ्यांदेखत. ही ताटातूट दोन्ही बाजूंना सोपी गेली नसणार. पुढच्या दोन-तीन वर्षांत महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. त्याच सुमारास, १९३२ मध्ये, प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ बोलू लागला आणि १९३३ मध्ये प्रभातने पुण्याला बिऱ्हाड हलवलं.

बोलपट हा बाबूरावांचा प्रांत नव्हता. शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी १९३५ मध्ये ‘उषा’ केला, १९३६ मध्ये ‘सावकारी पाश’ पुन्हा बोलका करून काढला. त्याच १९३६ मध्ये दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ आला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तो चित्रपट पाहताना मी नेहमी देहूतल्या घराकडे बघतो. ती चूल, तो उंबरठा, तो गोठा, जिजाईच्या हाताखालची भांडी. कुठेही कापडावर रंगवलेलं काही नाही. घरात माणसं खरोखर राहतात, त्यांना चटके बसतात, त्यांच्या अंगावर खांबाची सावली पडते. साहेबमामा हे कुठे शिकले, ते मला तिथे दिसतं.

१९४७ मध्ये एक फेरा पुरा झाला. शांताराम आता मुंबईत ‘राजकमल’चे मालक होते. ‘लोकशाहीर रामजोशी’ करायचा ठरला तेव्हा दिग्दर्शनासाठी त्यांनी आपल्या गुरूला बोलावलं. लेखन ग. दि. माडगूळकरांचं, रामजोशी झाले जयराम शिलेदार, बयेच्या भूमिकेत हंसा वाडकर. दिग्दर्शक म्हणून गुरु-शिष्यांची नावं शेजारी शेजारी आली. सत्तावीस वर्षांपूर्वी ज्या पोराला कंपनीत पडेल ते काम करावं लागत होतं, त्याच्याच स्टुडिओत गुरू कॅमेऱ्यामागे उभे होते. सोलापूरच्या त्या शाहिराची, तमाशाच्या फडात रमलेल्या त्या विद्वानाची कहाणी लोकांनी डोक्यावर घेतली. मराठीत तमाशापटांची जी लाट पुढे आली, तिचं उगमस्थान हा चित्रपट मानला जातो.

१६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव गेले. कोल्हापूर त्यांना कलामहर्षी म्हणतं. खरी कॉर्नरजवळ कॅमेऱ्याचा एक स्तंभ उभा आहे आणि चित्रपटाशी नातं सांगणारी शहरातली माणसं तिथे हार घालायला जमतात. भोवती रिक्षा, दुचाकी, शाळेतून परतणारी मुलं. एखाद्या गावाने यंत्राचा स्तंभ उभारून माणसाची आठवण ठेवावी हे मला फार आवडतं. मेस्त्र्याची आठवण अशीच ठेवावी.

त्यांचे चित्रपट मात्र जवळजवळ सगळे गेले. त्या काळच्या फिल्मचा पायाच नायट्रेटचा. ती लगेच पेट घ्यायची, आपोआप सडायची, आणि उरलीच तर चांदीसाठी गाळली जायची. ‘सैरंध्री’ नाही, ‘सिंहगड’ नाही, ती झोपडी आणि ते कुत्रंही नाही. १९२७ च्या ‘मुरलीवाला’ आणि ‘सती सावित्री’ यांचे तुकडे उरले आहेत. ते जपले आहेत पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने, लॉ कॉलेज रस्त्यावर. त्याच रस्त्यावर प्रभातचा जुना स्टुडिओ आहे, जिथे १९६० पासून देशभरातली मुलं सिनेमा शिकायला येतात. गुरूच्या हातच्या फिल्मचे ते थोडके फूट शिष्यांनी उभारलेल्या स्टुडिओपासून हाकेच्या अंतरावर, थंड अंधाऱ्या खोलीत, डब्यात गुंडाळून ठेवले आहेत.